सोमवारची बारव

त्याची-माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्याच्या डोक्यावर टोपलीभर केर ओतला.

मुद्दाम नाही हो! आमच्या चिंचगव्हाणात जुन्या बारवेचा उपयोगच तेवढा उरला होता. दुकान झाडायचं, शेंगांची टरफलं, लसणाची सालं टोपलीत भरायची आणि बारवेत रिकामी करून यायची. आत माणूस असेल, असं कुणाच्या मनात येणार?

"अहो... थांबा, थांबा!"

खालून एक धुळकट डोकं वर आलं. केसांत लसणाची सालं, हातात मोजायची पट्टी. मी घाबरले, आणि घाबरले की मी आधी भांडते.

"काय करायलाव तुमी तिथं?"

"बारव मोजून राहिलो," तो डोकं झटकत म्हणाला. "आणि तुम्ही भरून राहिलात. आपलं जमायचं कसं?"

असं म्हणून हसला मेला! माफी मागायचं राहूनच गेलं. घरी येऊन पाहते तर टोपलीही तिथेच विसरलेली.

त्याचं नाव निवृत्ती. नांदेडकडच्या उमरीचा. पुराणवस्तू खात्यात नवा ओव्हरसियर म्हणून लागला होता. लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि पाऊस त्या दोन्ही वर्षी फिरकला नव्हता. रोजगार हमीची खडी फोडायला माणसं लांबच्या रस्त्यावर जात, तिथेच पालं ठोकून राहत. गावात कुलपं तेवढी दिसायची. माझे वडील बसलिंगप्पा, आमचे अप्पा, दुकानात दिवसभर माशा मारत बसायचे. पाडव्याला दुकान बंद करून बीदरला मडिवाळप्पा काकांकडे जायचं, हे त्यांचं ठरलं होतं. काकांनी तिथे माझ्यासाठी एक कापडवालाही बघून ठेवला होता. मला त्यात काही विचारायचं असतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तेवढ्यात रोजगार हमीतून बारवेतला गाळ काढायचं काम मंजूर झालं. तात्पुरतं, बघू या कसं होतं, अशा बेताचं. अप्पा म्हणाले, "मानसाला प्यायला पानी न्हाई आन् सरकार दगडं पुसायलंय!"

पण मजुरी गावातच मिळायला लागली आणि कुलपं निघाली. गाळ गाड्यांत भरून रानात पडायला लागला. बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानात तेल-मीठ घ्यायला बायका उभ्या राहिल्या. आणि बारवेत... काय सांगू! रोज एक नवी पायरी उघडी पडे. एका सकाळी हत्तींची रांग निघाली, सोंडेत सोंड अडकवलेली. मी त्यातल्या एकाच्या पाठीवर हात ठेवला तर दगड गार होता, एवढ्या उन्हात. मी रोज ज्यावर केर टाकत होते त्याच्याखाली हे उभं होतं!

"इकडे या," निवृत्तीनं हाक मारली. तो कुंचल्यानं एका देवळीतली माती काढत होता. आरशात बघणारी एक बाई हळूहळू बाहेर आली. नाक, मग ओठ, मग ती तिरकी मान... आम्ही दोघंही श्वास रोखून बघत होतो.

"ही कुणासारखी दिसते, सांगा."

"कुणासारखी?"

"भांडायच्या आधी तुम्ही मान अशीच वाकडी करता."

"मी कवा भांडले?" मी म्हणाले, आणि माझी मान वाकडी झाली. तो इतका हसला की कुंचला हातातून पडला.

तो आमच्यातला, लिंगायत नव्हता. त्याच्या गळ्यात लिंग नव्हतं आणि अप्पांना ते पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मला ते रोज आठवत होतं, आणि रोज मी मजुरांसाठी पाण्याची घागर घेऊन बारवेवर जातच होते.

एक दिवस तो नाचतच आला. "लातूरहून साहेब येतायत! काम चालू ठेवायचं की मजूर परत रस्त्यावर न्यायचे, ते बघून ठरवणार. सोमवार की मंगळवार, विचारलं त्यांनी. मी म्हटलं सोमवारच या!"

मी कपाळावर हात मारला. "सोमवारी? अवो, सोमवारी आमच्याकडं बैल जुंपत न्हाईत! बसवण्णाचा वार. लग्नाचं वऱ्हाड असलं तरी गाडी हालत न्हाई."

दर सोमवारी तो हजेरीपत्रक घेऊन लातूरला जायचा, त्याला हे कुठून कळणार? त्याचा चेहराच उतरला. "आमच्याकडे तर असं..." तो पायरीवर बसला. "गाड्या नाहीत म्हणजे गाळ वर जाणार नाही. साहेब म्हणतील, लोकांना कामाची गरजच नाही. ते दौऱ्यावर निघालेसुद्धा. आता निरोप कुठे धाडू?"

रस्ता म्हणजे गाव पुन्हा रिकामं. रिकामं गाव म्हणजे बीदर.

"बैलाला सुट्टी हाय," मी म्हणाले. "मानसाला कुठं हाय?"

मी दारोदार फिरले. सोमवारी सकाळी अख्खं गाव बारवेत उतरलं. तळापासून काठापर्यंत, प्रत्येक पायरीवर एक माणूस. खालून टोपली निघे आणि हातोहात वर जाई. अप्पा काठावर हाताची घडी घालून उभे होते. मग काय वाटलं कुणास ठाऊक, धोतर खोचून तेही खाली आले आणि माझ्या वरच्या पायरीवर उभे राहिले. माझ्या खालच्या पायरीवर, अगदी तळाशी, निवृत्ती होता.

आणि तेव्हा मला ते कळलं. कुणालाच वाकावं लागत नव्हतं! पायरीची उंचीच अशी की खालच्याचा उचललेला हात वरच्याच्या ओंजळीत बरोबर यायचा. कोण जाणे कोणत्या राजाच्या काळात, कुणीतरी ही बारव माणसांनी पाणी हातोहात न्यावं म्हणूनच घडवली होती. इतके दिवस मला गाळ दिसत होता, दगड दिसत होते. बारव त्या दिवशी दिसली. चारी बाजूंनी माणसं उभी, मध्ये हत्ती, आणि टोपल्या वर चाललेल्या. माझे डोळे भरून आले.

साहेब जीपमधून उतरले आणि काठावर नुसते उभे राहिले. मग रांगेच्या कडेकडेनं खाली आले.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पण दुष्काळात जुन्या दगडांवर खर्च कशाला? रस्ता केला तर रस्ता तरी होतो."

निवृत्ती "सांस्कृतिक वारसा... जतन..." म्हणत अडखळला. माझी मान वाकडी झाली.

"साहेब, रस्त्याचं काम निघालं तवा गाव रस्त्यावर गेलं. हे काम निघालं आन् गाव घरी आलं. लोहाराला कुदळीला धार लावायची सवड न्हाई. कुंभाराची भट्टी पेटली. निलंग्याचे लोक रविवारी हत्ती बघायला येतेत, भामाबाईची भजी पुरंना झालीत. रानात गाळ पडलाय तो वेगळाच. सरकारचा पैसा हितं पाच घरं हिंडतो आन् मग गावाबाहेर जातो."

"हे खरं का?" साहेबांनी अप्पांना विचारलं.

अप्पांनी घाम पुसला. "पाडव्याला दुकानाला टाळं लावणार हुतो जी. आता माल लई लवकर संपायलाय."

साहेबांनी पुन्हा एकदा वर, त्या माणसांच्या रांगेकडे बघितलं. "पाऊस पडेपर्यंत काम चालू ठेवा," ते म्हणाले.

केवढा गलका उठला! त्या गलक्यात निवृत्ती माझ्याकडे वळला.

"शिवगंगा..." त्यानं माझं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. "एक विचारायचं होतं... तुम्ही आता बीदरला जाणार?"

"न्हाई," मी म्हणाले. "मला तुमच्यासंगं ऱ्हायचंय. तुमी जिथं असाल तिथं."

नेमका त्याच क्षणी गलका थांबला. बारवेच्या तळाशी बोललेलं काठापर्यंत ऐकू जातं, हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं. चारी भिंतींनी माझं वाक्य उचललं आणि वर नेलं. रांग थबकली. निवृत्तीचे कान लाल झाले. मी मान वर केली आणि शब्द मागे घेतला नाही.

अप्पा हातात गाळाची टोपली धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग बराच वेळ त्या हत्तींकडे. टोपली वरच्या माणसाच्या हातात दिली आणि घसा खाकरला.

"ओ ओव्हरसियर," ते म्हणाले, "उमरीला तुमच्या घरी जायला एष्टी कुठून मिळती?"