भरायला वेळ घेणारं काळीज

डॉक्टरसाहेब, दयानंदच्या छातीला नळी न लावताच तुम्ही कागदावर 'भूकंपाची भीती' लिहून मोकळे झालात. एकदा नाही, अकरा वर्षं. किल्लारीचं पोरगं म्हटलं की तुमचं निदान तयार!

म्हणून तर लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवताना त्याला धाप लागली की मालक म्हणायचे, "सर, नाटकं पुरे. तिसरा मजला चढवत नसेल, तर गावची जीप धरा."

शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नांदेडला तपासणीला धाडलं. तिथं मशीनवर होती ऋतुजा. हिमायतनगरची, धारदार जिभेची.

"इंजेक्शननं रक्तातून किरणं निघतील, कॅमेरा ती टिपेल. काळीज आवळतं किती अन् सैल होऊन भरतं कसं, ते कळेल. हलू नका."

छातीवर तारा चिकटवायला ती वाकली... आणि मशीन अडून बसलं. त्याला ठोके एका लयीत लागतात. दयानंदचे तर उधळले होते.

"घाबरून राहिले का, सर?"

"न्हाई ओ... तुम्ही जवळ आलात की होतंय."

ती काचेमागं गेली. ठोके सुतासारखे सरळ! चादर सावरायला आत आली — पुन्हा पळापळ.

"मी बाहेरच बरी," ती ओठ दाबून हसली.

दहाला निघताना तिनं बजावलं, "आज लोकांपासून लांब राहा. सहा तासांनी किरणं निम्मी होतात."

"मग चारला तुमच्या निम्मं जवळ येऊ?"

"हे कुठलं फिजिक्स?"

"लातूर पॅटर्न!"

चारला तो खरंच आला. रिपोर्ट हातात, डोळे भरलेले. काळीज आवळायला दणकट. सैल होऊन भरायलाच उशीर लावतं. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी तो फोनवर पाहून गोळ्या सुरू केल्या होत्या. वर्ग तळमजल्यावर द्यावा, अशी त्यांची चिठ्ठीही फोनवर आली होती.

"भित्रा न्हाई मी, मॅडम. लई उपकार झाले."

"मी नुसती बटणं दाबली."

"भूकंपात चार वर्षांचा होतो. ढिगाऱ्यातून मला ज्यानं काढलं, त्याचं नाव कधी कळलंच न्हाई. आभार राहून गेले..." तो थांबला. "तुमचं राहू द्यायचं न्हाई. नाव सांगा."

"ऋतुजा."

"ऋतुजा, हे काळीज भरायला वेळ घेतं. पण आज... आज काठोकाठ हाय. तुमच्यानं."

ती काचेमागून बाहेर आली, त्याचं मनगट हातात घेतलं आणि सोडलंच नाही.

ठोके पुन्हा उधळलेत, साहेब. दोघांचेही. बोला, आता कागदावर काय लिहिणार... भीतीच?