खडस माशांचं बारसं

सन २०५८. कुर्डी धरणाच्या पायथ्याशी असलेल्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर तीनशे खडस मासे दिसत होते. सगळे मत्स्यसोपानाच्या, म्हणजे धरण ओलांडायला माशांसाठी बांधलेल्या पाणजिन्याच्या, पहिल्या पायरीशी थांबलेले. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीतले पेन्शनर जसे थांबतात, तसे.

“मॅडम, या मोसमात एकही मासा चढला नाही, तर जिना काँक्रीटने बुजवायचा आदेश आहे,” कार्यकारी अभियंता हिंदुराव बाबर म्हणाले. “आणि हे तर वर बघायलाही तयार नाहीत.”

“मासा बघत नाही, हुंगतो,” मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. केतकी टिपणीस म्हणाल्या. “पिल्लू अंड्यातून निघालं, की त्या पाण्याचा वास त्याच्या मेंदूत कायमचा ठसतो. ही गंधमुद्रा. मोठेपणी तो वास येईल तिकडेच ते अंडी घालायला जातं. म्हणून तर धरणाच्या वरचं पाणी आणून आपण ही पिल्लं टाकीत वाढवली आणि खाली सोडली.”

“मग माहेर ओळखत का नाहीत?”

केतकीबाईंनी टाकीतल्या पाण्याचा जपून ठेवलेला नमुना गंधमापकाला दिला. उत्तर आलं: खनिजं, शेवाळ, हरभरा.

“हरभरा?” त्यांनी सहायक ललिता कासारकडे पाहिलं.

“बारसं केलं होतं, मॅडम. बाराव्या दिवशी. आपण घुगऱ्या खायच्या आणि बाळांना काहीच नाही, बरं दिसतं का? घुगऱ्यांचं थोडं पाणी ओतलं टाकीत.”

“नावंही ठेवलीत?”

“तीनशे कुठून सुचणार? सगळ्यांचं सोनू.”

तासाभरात जिन्याच्या माथ्यावर सरकारी पातेलं चढलं. उकडलेल्या हरभऱ्याचं पाणी धारेत पडलं आणि पहिला मासा उसळला. मग दुसरा. मग मोजणारे मोजायचं विसरले.

“आला! सोनू आला!” बाबर ओरडले. त्यांच्या पदाला अशा प्रसंगी ओरडण्याची तरतूद नव्हती.

सगळे वर पोचल्यावर केतकीबाईंनी पातेलं उतरवायला लावलं.

दोन दिवसांनी बाबरांचा फोन आला. “मॅडम, मासे आणखी वर गेले! दुसऱ्या धरणाच्या भिंतीला नाक लावून उभे आहेत.”

“पण पातेलं तर उतरवलंय!”

“चौकशी केली. भिंतीच्या वर शेवरेवाडीत काल बारसं झालं. भांडी नदीत घासली.”

“म्हणजे तिथेही जिना हवा.”

“प्रस्ताव पाठवलाय. सोबत तिसऱ्या धरणाचाही जोडलाय.”

“तिसऱ्याचा कशाला?”

“तिथल्या वाडीत परवाच दोन लग्नं लागली, मॅडम.”