खिडकीतलं गलबत

"भाऊ गेला. आता मुलगाही घेऊन चाललेत. आणि तुम्ही मला पाणी विचारताय."

तांब्या-भांडं घेऊन उभा असलेला मेहुणा तसाच मागे सरकला. टाचणीने त्याला नजरेनेच बसायला सांगितलं.

टाचणी हे त्या खासगी गुप्तहेराला शहराने दिलेलं नाव. अंगाने बारीक, बोलणं टोचणारं. मेहुणा त्याच्या बायकोचा भाऊ. तो प्रत्येक तपासात बरोबर असायचा, सगळं बघायचा आणि सगळ्यात शेवटी समजून घ्यायचा.

समोर उभी होती ती तांडेलाची बहीण. तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख. खाडीच्या मुखाशी नांगरलेल्या गलबतावर तो गेल्या आठवड्यात डोकं फुटून मेला. त्या वेळी गलबतावर दुसरा माणूस एकच होता, हिचा मुलगा. खाली इंजिनखोलीत काम आटोपून तो वर आला, तेव्हा मामा नाळेवर, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाला, रक्तात पडलेला होता.

"संशयावरून कोंडून ठेवलं होतं," ती म्हणाली. "काल गलबताच्या मालकानं सांगितलं, भाच्यानंच मारलं, मी कचेरीच्या खिडकीतून पाहिलं. उद्या कोर्टात उभा करणार. मामाच्या मांडीवर वाढलेलं पोर."

"मालक आठवडाभर गप्प का होता?"

"म्हणे दया आली. त्या सुक्या धक्क्यावरच्या तांडेलाला दया."

"सुक्या धक्क्यावरचा?" मेहुण्याने विचारलं.

"बोटीवरचे शब्द तोंडपाठ, पण पाण्यात बोट बुडवत नाही, त्याला खलाशी असं म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. पोट आहे ना."

टाचणीने विचारलं, "त्या सकाळी भावाला भेटलात?"

"डबा दिला. आमचं घर खाडीच्या आतल्या अंगाला. होडी सोडली की वल्हं नुसतं धरून बसले. होडी आपली आपण गलबताला लागली. समोर नाळच आली, दादा तिथंच बसला होता. डबा दिला, त्यानं मागवलेला हिरवा दोर दिला. होडीतूनच. मी वळले तेव्हा कारखान्याचा दहाचा भोंगा झाला. परतताना मात्र हातांची सालटी निघाली."

"मुलानं तुम्हाला पाहिलं?"

"तो खाली. इंजिन धडधडत होतं. दोर येतोय हे त्याला ठाऊकच नव्हतं, दादानं आदल्या संध्याकाळी मला एकटीला सांगितलं होतं."

"पोलिसांना दोराचं सांगितलंत?"

"त्यांनी मला काही विचारलं तर ना. 'बाई, बाजूला व्हा,' एवढंच बोलले. मग मीही म्हटलं, मरा. कुणापाशी तोंड उघडलं नाही. आज तुमच्यापाशी पहिल्यांदा."

इंजिनाचा मिस्त्री धक्क्यावरच्या वर्कशॉपात भेटला. विचारायच्या आधीच तो चिडला.

"हो, भांडलो होतो तांडेलाशी. मला चारचौघांत तेलातला उंदीर म्हणाला. इंजिनवाल्याला सगळेच खलाशी म्हणतात, पण ते हसून. हा दात खाऊन म्हणाला."

"कशावरून?"

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "गलबताच्या तळाची फळी कुजलीय. मालक म्हणाले डांबर फास, मी फासलं. तांडेलानं नखानं उकरून बघितलं. म्हणाला, या शवपेटीत मी माणसं नेणार नाही, बंदर कचेरीत जाऊन सांगतो. तिथं कळलं असतं तर गलबत सरळ भंगारात."

"मालकाला हे कोणी सांगितलं?"

"मीच." त्याने पाना पुन्हा उचलला. "नोकरी आहे, साहेब."

"त्या सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"इथंच, लेथवर. गिऱ्हाईकं खोळंबली होती. विचारा."

टाचणीने शेजारच्या दोन दुकानांत विचारलं. मिस्त्री जागचा हलला नव्हता.

"आणि मालकांची छोटी लाँच?"

"धक्क्याला नव्हती. पण सकाळची ती नसतेच कधी. फेरफटका असतो मालकांचा."

दहाच्या सुमारास दोघे मालकाच्या कचेरीत पोचले. कचेरी धक्क्याच्या समुद्राकडच्या टोकाला. भिंतीवर पितळी कंदील, कोपऱ्यात जुनं सुकाणू, टेबलावर दुर्बीण. खिडकीसमोर थोडं आत, एका नांगरावर गलबत उभं होतं. नाळ थेट खिडकीकडे.

"या," मालक म्हणाला. "इथून डोलकाठीवरचा कावळासुद्धा मोजता येतो. तांडेल नाळेवर बसून हिरव्या दोराला गाठ घालत होता. भाचा मागून आला. हातात पहार. एकच घाव."

"वेळ?"

"दहा. आत्ता आहे तीच. आणि मी उगाच कुणाला फासावर देणारा माणूस नाही. काल जबाब देण्याआधी दहा वाजता इथं उभा राहिलो, दिसतं की नाही याची खात्री केली, मगच पोलिसांत गेलो."

मेहुण्याने दुर्बीण डोळ्याला लावली. नाळेवरचे खिळेही दिसत होते. तो हळूच म्हणाला, "दाजी, सगळं लख्ख दिसतंय. बाईंचं काही खरं नाही."

टाचणीने मालकाला विचारलं, "त्या दिवसानंतर गलबत हललं?"

"नांगर उचलायलाच मनाई आहे."

"दुपारी फौजदारांना घेऊन येतो. हेच सांगाल?"

"शब्दाला शब्द."

दुपारी कचेरीत पाचजण होते. मालक, फौजदार, टाचणी, मेहुणा आणि तांडेलाची बहीण. मालकाने टेबलामागे बसूनच शब्दाला शब्द सांगितलं. हिरवा दोर, पहार, एक घाव. बहिणीच्या मुठी वळल्या होत्या.

"झालं तर," फौजदार म्हणाला.

"मालक, जरा खिडकीशी या," टाचणी म्हणाला. "आम्हाला नाळ दाखवा."

मालक उठला. मग थांबला. गलबत त्याच जागी होतं, पण खिडकीकडे आता त्याचं मागचं, सुकाणूचं टोक होतं. मध्ये केबिनची भिंत. नाळ पलीकडे लपली होती.

"हे कोणी फिरवलं?" फौजदाराने विचारलं.

"पाण्याने. एका नांगरावरचं गलबत ओढीच्या उलट तोंड करतं. सकाळी भरती होती, नाळ समुद्राकडे, म्हणजे या खिडकीकडे. आता ओहोटी लागलीय."

"त्या दिवशी दहाला भरतीच होती," मालक म्हणाला.

"ओहोटी होती. ताईंचं घर आत, आणि त्यांची होडी वल्हं न मारता गलबताशी आली. म्हणजे पाणी समुद्राकडे ओढत होतं. आतून येताना पहिली भेटली ती नाळ, म्हणजे नाळ खाडीकडे होती. परत जाताना प्रवाहाविरुद्ध जावं लागलं, म्हणून हात सोलले. भरती रोज थोडी उशिरा येते. आठवड्यात दहाच्या ओहोटीची दहाची भरती होते. तुम्ही घड्याळ बघून खात्री केलीत. पाणी घड्याळ बघत नाही."

मेहुणा म्हणाला, "म्हणजे यांनी काहीच पाहिलं नाही?"

"पाहिलं. तिथंच तर अडकले. फौजदार साहेब, प्रेताजवळ हिरवा दोर सापडला?"

"दोर बिर काही नव्हतं."

"तो ताईंनी दहाला होडीतून दिला. मुलगा खाली होता, त्याने पाहिला नाही. ताईंनी कुणाला सांगितला नाही. तांडेलाच्या हातात तो मरेपर्यंतच होता. त्याच्या हातातला दोर कोणाला दिसला असेल? देणारीला आणि मारणाऱ्याला. या खिडकीतून दिसणं शक्य नव्हतं. मग मालकांनी तो कुठून पाहिला? गलबतावरूनच. लाँच धक्क्याला नव्हती, आणि तिचा आवाज इंजिनात बुडाला. पहार आणि रक्ताळलेला दोर नाळेखालीच बुडवला असणार, पाणबुडे उतरवा. तांडेल बंदर कचेरीत जाणार होता. कुजलेल्या फळीचं सांगायला."

मालकाचा चेहरा लाल झाला. "त्यानं भंगारात घातलं असतं. माझ्या बापाचं गलबत होतं ते."

"आणि त्यावर चढणारी माणसं कुणाच्या बापाची होती?" बहीण म्हणाली.

फौजदाराने खाली उभ्या असलेल्या शिपायांना हाक मारली. ते मालकाला जिन्याने खाली घेऊन गेले.

"बाई, तुम्ही घरी जा," फौजदार म्हणाला. "कागदपत्रं व्हायचीत. मुलाला एक-दोन दिवसांत सोडतो."

"धरून नेलात तेव्हा कागद लागला नव्हता."

"नियम असतो, बाई."

"असू दे. तो कोठडीत बसून मामाला रडतोय, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायला कुणी नाही. मी तुमच्या गाडीत बसते. दार माझ्यासमोर उघडायचं."

उत्तराची वाट न बघता ती जिना उतरली. फौजदाराने टाचणीकडे पाहिलं. टाचणीने त्याची टोपी टेबलावरून उचलून त्याच्या हातात दिली.