दुमडलेलं पान

बस असा. दिवा तुझ्याकडे ओढून घे, मला अंधाराची सवय झालीय.

माझी बायको सिती गेली, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ऊन दाखवावं म्हणून तिची गादी उचलली, तर खाली एक जाडजूड कादंबरी निघाली. मध्यावर एक पान दुमडलेलं. सितीला वाचनाचं वेड. आजारपणात अर्धवट राहिलं असणार, असं वाटलं. म्हटलं, आपण पुरं करू. तिला वाचून दाखवू.

संध्याकाळचा नमाज झाला की पुढच्या खोलीत बसून मोठ्यानं वाचायचो, अगदी पहिल्या पानापासून. काय रटाळ पुस्तक रे! कुणा जहाजमालकाची लग्नं आणि पानोपानी त्याचं रडगाणं. मी इथल्या टांगा बंदराच्या गोदीत जन्म काढला, जहाजांबद्दलचा असला बाष्कळपणा मला सोसवत नाही. रोज वाटायचं, द्यावं फेकून. पण सितीच्या पानापर्यंत तरी जायचं होतं. कसाबसा तिथे पोचलो आणि पुढे एक ओळ वाचवेना.

"पुरे झालं," म्हणालो आणि पुस्तक मिटलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "येऊ का...?"

बाईचा की पुरुषाचा, कळेना. आमच्याकडे दारात उभं राहून असं विचारायचं, आतून 'या' आलं की मगच उंबरा ओलांडायचा. तीनदा विचारून उत्तर नाही आलं, तर मुकाट माघारी फिरायचं. तिन्हीसांजेला आधी बघ, मग 'या' म्हण, असं आई बजावायची. पण ज्या घरात महिनोन्महिने कुणी फिरकत नाही, तिथला माणूस बघत बसत नाही.

"या," मी म्हणालो.

कुणी आलं नाही. फक्त सितीची वेताची खुर्ची करकरली आणि वास आला, ओहोटीच्या चिखलाचा. सितीच्या कपड्यांना कायम उदाचा वास असायचा. तरी मी स्वतःला समजावलं, तीच आहे, पुढचं ऐकायला आलीय बिचारी. पुस्तक पुन्हा उघडलं.

मग रोजचंच झालं. पुस्तक तसंच भिकार, पण ऐकायला कुणीतरी होतं. मी थांबलो की खुर्ची करकरायची. खोटं कशाला बोलू, सुखात होतो.

एका दुपारी सितीची धाकटी बहीण हिदाया गोड वडे घेऊन आली. पुस्तक बघून हसायलाच लागली.

"भावजी, हे अजून जपून ठेवलंत?"

"तुझ्या ताईचं अर्धं राहिलं होतं ना."

"राहिलं कसलं, सोडलं होतं तिनं. 'असलं भंगार जन्मात वाचलं नाही,' म्हणाली, पान दुमडलं आणि दिलं गादीखाली सारून. उशाला उंचवटा हवा होता तिला."

मला हसू आलं नाही. मग इतके दिवस मी कुणाला...?

"घेऊन जा हे," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता."

त्या संध्याकाळी दाराला कडी लावली आणि तोंडावर हात दाबून बसलो.

"येऊ का...?"

मी हात आणखी घट्ट दाबला.

"येऊ का...?"

चिखलाचा वास फटीतून आत आला. तिसरी हाक अगदी दाराला तोंड लावून आली. मग शांतता. म्हटलं, आता जाईल. आपल्याकडे सगळेच जातात.

आणि आतल्या खोलीतून कुणीतरी म्हणालं, "या."

आवाज माझा होता. माझा हात माझ्या तोंडावर तसाच होता.

खुर्ची करकरली. आत वाचन सुरू झालं, माझ्याच आवाजात, मी जिथे थांबलो होतो त्याच्या पुढचं. ती पानं मी कधी वाचलीच नव्हती. सकाळी हिदायाकडे जाऊन ताडून पाहिलं, शब्दन्‌शब्द तेच.

तेव्हापासून रोज चाललंय. मी ओसरीवर बसून ऐकतो. जहाजमालक अजून रडतोच आहे. पण संपूच नये असं वाटतं रे आता. घरात तेवढाच काय तो आवाज.

काल हिदायाकडे गेलो होतो. पुस्तक तिच्या पेटीत, कुलपात. उघडून पाहिलं, तर सितीनं दुमडलेलं पान सरळ झालंय. आता दुमड आहे ती शेवटच्या पानाला.