खारदुर्गाच्या खाडीतले खांब

खारदुर्गाच्या बुरुजामागे तांबडे फुटले तेव्हा खाली खाडीच्या मुखाशी ओहोटी अर्ध्यावर आली होती, आणि कोळ्यांची डोलजाळी ज्यांना बांधत ते आजे-पणजांनी रोवलेले खांब पाण्यातून माना काढून उभे होते. एकेक खांब रोवायला अख्खा गाव दोराला लागे. नारळ फुटे आणि ती जागा त्या घराची होई. मग सख्खा भाऊसुद्धा तिथे जाळे बांधत नसे.

सुभेदार विसाजीपंताला हे खांब खुपत होते. ‘आरमाराला अडथळा’ हे निमित्त. कसले आरमार! मुखाशी वखार घालू पाहणाऱ्या एका सावकाराच्या जहाजांना सरळ वाट हवी होती, आणि त्याचा नजराणा पंताच्या पोटात कधीच जिरला होता.

कुऱ्हाडवाले खलाशी आणि शिपाई घेऊन पंत आला तसा कोळ्यांचा पाटील चांगो होडी आडवी घालून उभा राहिला.

“मुजरा, सरकार. आरमाराची गलबतं वळसा घेऊन सुखानं जातात. खांब आजच आडवे आले?”

“समुद्राला कोणी मालक असतो काय रे, चांगो?”

“नसतो? मग रोजची मासळीची पहिली पाटी आपल्या मुदपाकखान्यात कुठल्या हक्कानं येते?”

खलाशांत खसखस पिकली. पंताचे कान लाल झाले. “तोडा!”

चांगोने आपल्या खांबाला मिठी मारली. “पहिला घाव इथं घाला.”

खलाशांचा म्होरक्या हसन सारंग याने उगारलेली कुऱ्हाड खाली घेतली. मग शिपायांनी चांगोला दांडक्यांनी बडवून होडीत पाडले. रक्त थुंकत तो म्हणाला, “तोडायचेच तर ओहोटी पुरी लागू द्या, मुळातून उपटा. पाण्यालगत कापलेत तर भरतीत खुंट बुडतील आणि कुणाचा तरी जीव घेतील.”

“कोळ्याने सुभेदाराला शिकवावे!” पंत हसला. खांब पाण्यालगत छाटले गेले.

दुपारी भरती आली, खुंट झाकले गेले. सावकाराच्या स्वागताला पंत जरीची पगडी घालून गलबतावर चढला.

“हुजूर, वळसाच घेऊ,” हसन म्हणाला. “खाली खुंट आहेत.”

“वाट आम्ही मोकळी केली आहे. सरळ घाल!”

गलबताचे पोट उभे फाटले.

किनाऱ्यावरून कोणी ओरडले, “बुडू दे मेल्याला!”

“त्याच्यापायी हसन नि त्याची माणसं बुडतील,” म्हणत चांगोने सुजलेल्या हातांनी वल्ही धरली. खलाशी सगळे पाण्याबाहेर निघाले. शेवटी राहिला पंत. पगडी गेलेली, गळ्याएवढ्या पाण्यात एका खुंटाला पायांनी मिठी मारून रडणारा.

“हा खांब माझा आहे, सरकार,” चांगो म्हणाला. “सोडा आता.”

आणि त्या पंताने दुसऱ्याच दिवशी भर सदरेत सांगितले, की कोळ्यांनी दग्याने खुंट ठेवून सरकारी गलबत बुडवले! “कुऱ्हाड आमची होती, हुजूर,” हसन बोलला; त्याचे सारंगपद गेले. चांगो गडाच्या तळघरात कैदेत गेला आणि वर्षाच्या आत तिथेच मेला.

सावकाराने भिऊन वखार दुसऱ्या बंदरी नेली. कोळ्यांनी खांब पुन्हा रोवले. चांगोची जागा मात्र रिकामी ठेवली; तिथे कोणी जाळे बांधले नाही. गडावर पंत रोज येणाऱ्या पहिल्या पाटीची वाट पाहत बसे, आणि पापलेट जरा करपले की आचाऱ्याच्या अंगावर ताट फेकी.