पाहुण्याचं डोकं

कोकणचा समुद्र इतका कोमट झाला होता की बांगडा, सुरमई कधीच उत्तरेकडे निघून गेली होती. मग हा मासा आला. जाड ओठांचा, तांबडा, अंगावर निळे ठिपके, दूरच्या उष्ण समुद्रातल्या प्रवाळांत राहणारा. शास्त्रज्ञांनी त्याचं लांबलचक नाव सांगितलं. बंदरानं त्याला 'पाहुणा' म्हटलं आणि खायला घेतलं. पाहुण्याच्या बाबतीत सहसा उलट होतं.

शेवंती खोबरेकरच्या नवऱ्याची होडी काल कित्येक वर्षांनी भरून आली होती. व्यापाऱ्याचा ट्रक बंदरावर उभा होता, पण मासळी तपासायला आलेल्या डॉ. शर्मिष्ठा देवल हो म्हणेपर्यंत माल चढणार नव्हता. आणि डॉक्टरीणबाई शेवंतीच्या ओसरीवर बसल्या होत्या.

मेलेल्या प्रवाळावर शेवाळ धरतं, त्या सांगत होत्या. शेवाळावर डोळ्यांना न दिसणारे विषारी जीव वाढतात. लहान मासा शेवाळ खातो, मोठा मासा लहानाला, आणि विष साठत जातं. रांधून ते जात नाही, त्याला वास नाही, चव नाही. पोटात गेलं की ओठांना मुंग्या येतात, मग 'उलटस्पर्श' होतो, म्हणजे थंड वस्तू चटका देते आणि गरम वस्तू गार लागते. महिनोन् महिने.

शेवंतीनं पदरानं ओठ पुसले. "मांजराक घातलंय आधी. काय्येक झाला नाय."

"कुठला भाग घातलात, काकी?"

"शेपटी."

विष सगळ्यात जास्त डोक्यात आणि काळजात साठतं, हे डॉक्टरीणबाईंनी हळूच सांगितलं. आणि नवीन माशाचं डोकं आणि काळीज बाळंतिणीला द्यायचं, म्हणजे दूध भरून येतं, ही इथली रीत त्यांना ठाऊक होती. आत शेवंतीची लेक प्रणोती तान्ह्याला पाजत होती.

डॉक्टरीणबाईंनी मासळीच्या पेटीतला बर्फाचा खडा आत नेऊन प्रणोतीच्या तळहातावर ठेवला. शेवंती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"थंड," प्रणोती म्हणाली. "मी खाल्लंयच नाय. वासान मळमळला."

डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला. "आणि तुम्ही, काकी?"

"माका खंय उरता!"

बाई हसल्या. अजून कुणाला काही झालेलं दिसत नव्हतं. त्यांनी बंदरावर फोन करून होकार कळवला आणि नमुने घेऊन गेल्या.

लेकीच्या ताटात राहिलेलं टाकवत नाही, म्हणून काल रात्री शेवंतीनंच ते डोकं चोखून खाल्लं होतं, काळजासकट.

बाळाच्या आंघोळीची वेळ झाली. न्हाणीत पाय पसरून तिनं बाळाला पायांवर पालथं घेतलं. रोजच्यासारखं कोपर बादलीत घातलं. पाणी गारढोण. तिनं बाजूच्या चुलीवरचं आधण त्यात ओतलं आणि पुन्हा कोपर घातलं. गारच. तांब्या भरून उचलला, आणि तेव्हा तिला वाफ दिसली. मग स्वतःचं कोपर दिसलं, लालभडक.

तांब्या हातातच राहिला.

"प्रणोती," तिनं हाक मारली. "जरा हात घाल गो पाण्यात."

प्रणोतीनं बोट बुडवलं आणि झटक्यात मागे घेतलं. मग ती आईकडे बघत राहिली, आणि तिनं बाळ उचलून घेतलं.

बंदराकडून ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. शहरात डोक्यांना वेगळा भाव होता. बाळंतिणी तिथंही होत्या.

"थंडच हा ना गो?" शेवंतीनं विचारलं.