उसना चेहरा

चष्म्यांच्या दुकानात चष्मेवाल्यांचा उभा जन्म लोकांच्या चेहऱ्यांकडे बघण्यात गेला होता. नाकाची उंची, डोळ्यांमधलं अंतर, कानाची ठेवण त्यांना नुसत्या नजरेनं कळे. मेंदूत रक्ताची गुठळी झाली, त्यातून ते उठले, तेव्हाही मापात कसूर नव्हती. गेलं ते वेगळंच.

"अहो, तो माणूस डाफरून गेला, आणि तुम्ही त्याला नव्या फ्रेमी काय दाखवत बसलात!" बायको गल्ल्यामागून म्हणाली.

"डाफरला? मला वाटलं, त्याला रंग पसंत नाही."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळे शाबूत आहेत, कानही. पण चेहऱ्यावरचा राग, भीती, माया ओळखणारा मेंदूचा भाग दुखावलाय. शब्दांचा अर्थ कळेल, सूर कळणार नाही. सुधारेल का, ते आज सांगता येत नाही.

घरी येऊन बायकोनं भांडी आवरली. मग म्हणाली, "म्हणजे आता मी रडायचं कुणासमोर?"

ती रडत होती की थट्टा करत होती, त्यांना कळेना. समोरचा चेहरा म्हणजे पुसलेली पाटी. एक धास्ती त्यांच्या मनात घर करून बसली: उद्या हिला काही झालं, तर आपण शेजारी नुसते बसून राहू.

पुढे एका दुपारी दुकानात बायको म्हणाली, "आज बरं चाललंय माझं." तिच्या मागे, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत, राखाडी शालीतली एक बाई बसली होती. तिच्या चेहऱ्यावर थकवा होता. छापील अक्षरासारखा स्वच्छ. इतक्या दिवसांनी काहीतरी वाचता आलं म्हणून त्यांना भरून आलं.

"त्या बाईंना काय हवंय, बघ ना."

बायकोनं वळून पाहिलं. "कुठल्या बाई? खुर्ची रिकामी आहे, अहो."

ते हातातली काच पुसू लागले. नजर मात्र सवयीनं माप घेऊन मोकळी झाली होती. बाईच्या डोळ्यांमधलं अंतर तंतोतंत बायकोचं होतं. नाकाची उंचीही. चेहरा तेवढा दुसऱ्या कुणाचा.

मग ती बाई घरीही दिसू लागली. नेहमी बायकोच्या मागे. बायको "मी नाही रागावले" म्हणाली की बाईच्या कपाळाला आठ्या. चष्मेवाले मुकाट्यानं चहा टाकत. बायको गप्प असली आणि बाई हसली, तर तेही धीर करून जवळ बसत.

"सुधारताय हो! आता माझ्या मनातलंही कळायला लागलं," बायको म्हणे.

आपलं डोकंच फिरलं असेल, असं त्यांना शंभरदा वाटलं. पण भीतीहून उपकाराची जाणीव मोठी होती. सकाळी दुकान उघडलं की ते आधी ती खुर्ची पुसत.

एकदा जेवण झाल्यावर बायको म्हणाली, "पित्त झालंय. पडते जरा."

आवाज सपाट. चेहरा सपाट.

मागच्या बाईचं तोंड मात्र वासलेलं होतं. डोळे फाटलेले.

त्यांनी रुग्णवाहिका बोलावली.

"हृदयाचा झटका होता. वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते बायकोच्या खाटेशी बसले. बाई उशाशी उभी होती. त्यांना राहवलं नाही. त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. "वेड लागलंय म्हण हवं तर. पण ती नसती, तर आज तू नसतीस."

बायकोनं त्यांचा चेहरा निरखून पाहिला.

"आजारापासून तुमचाही चेहरा दगडासारखा झालाय," ती म्हणाली. "आवाजही तसाच. तुम्ही घाबरता, एकटे पडता, हे मला कशावरून कळत असेल?"

"कशावरून?"

"तुमच्या मागे एक जण उभा असतो."

ते वळले. मागे फक्त भिंत होती.

"भला आहे बिचारा," ती म्हणाली. "त्याच्यामुळेच टिकले मी. आत्ता तुमच्यासाठी रडत होता."

"आणि आता?"

"आता माझ्याकडे बघतच नाहीये. माझ्या उशाकडे बघतोय. हसतोय."

चष्मेवाल्यांनी मान वर केली. बाईही हसत होती. ते हसू बायकोचं नव्हतं. बाई त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती, खूप दिवसांनी घरचं माणूस भेटावं तशी.

"उपकार झाले," चष्मेवाले पुटपुटले.

बाईनं हात पुढे करून बायकोच्या खांद्यावर ठेवला.

त्याच वेळी त्यांच्याही खांद्यावर एक हात टेकला. थंड, जड, हक्काचा.

त्यांनी तो झटकला नाही.